पांढरे पुष्पचक्र कोणाच्या नावाने? एका क्वेकर मीटिंगचा प्रकरण अभ्यास

इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका जुन्या गिरणगावातले हे प्रकरण 2025 च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात घडले. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि माणसांचे काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात क्रमालाच महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

क्वेकर म्हणजे ‘रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स’ हा पंथ सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी उभा केला. ब्रिटनमधल्या क्वेकरांकडे पगारी धर्मगुरू नाही. रविवारी लोक गोलाकार बसून तासभर मौन पाळतात. कोणाला आतून काही सांगावेसे वाटले तर तो उभा राहतो, थोडक्यात बोलतो आणि बसतो. युद्धाला नकार ही त्यांची जुनी साक्ष, म्हणजे वागण्यातून जाहीर केलेली श्रद्धा, आहे. 1660 साली राजा दुसरा चार्ल्स याला दिलेल्या निवेदनात त्यांनी ती लेखी मांडली. पुढे दोन्ही महायुद्धांत याच लोकांनी फ्रेंड्स अँब्युलन्स युनिट चालवले. 1942 पासून या युनिटची एक तुकडी होरेस अलेक्झांडर यांच्या पुढाकाराने भारतात होती आणि बंगालच्या दुष्काळात तिने काम केले. सेवाग्राममध्ये नयी तालीमच्या शिक्षकांना घडवणाऱ्या मार्जरी साइक्स क्वेकरच होत्या. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा पंथ वाटतो तितका परका नाही.

कामकाजाच्या पद्धतीतली एक गोष्ट इथे समजून घ्यायला हवी. क्वेकर मतदान करत नाहीत. महिन्यातून एकदा मौन उपासनेनंतर कामकाजाची सभा भरते. क्लार्क, म्हणजे सभा चालवणारी आणि नोंद लिहिणारी व्यक्ती, सगळ्यांचे ऐकून तिथल्या तिथे ठरावाचा मसुदा लिहिते आणि मोठ्याने वाचते. शब्द दुरुस्त होतात, पुन्हा वाचन होते. सभेने मान्य केले की ती नोंद पक्की. घरी जाऊन लिहिलेले इतिवृत्त चालत नाही. सभेचा कल जुळला नाही तर विषय पुढच्या महिन्यावर जातो आणि त्यात कोणाचा पराभव धरला जात नाही. एखाद्या सभासदाला एखादे काम करण्याची आतून हाक वाटली तर तो ती मीटिंगपुढे, म्हणजे गावातल्या क्वेकर मंडळीपुढे, ठेवतो आणि मीटिंग ती पारखते. पारखून स्वीकारली तर ती मीटिंगची साक्ष, नाहीतर त्या माणसाची स्वतःची. दोन्हींना मान आहे, फक्त नाव वेगळे.

या मीटिंगच्या यादीवर साधारण चाळीस नावे आहेत, रविवारी अठरा ते बावीस लोक येतात. मीटिंग हाउस लहान आहे. एक मोठी खोली, एक बाजूची खोली, स्वयंपाकघर आणि मागे दफनभूमी. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिथे सामुदायिक जेवण असते. सूप, ब्रेड, फळे असा बेत, आणि ज्याला जमेल तो डब्यात पैसे टाकतो. पस्तीस ते पंचेचाळीस लोक येतात आणि त्यातले निम्म्याहून अधिक क्वेकर नसतात. त्यांत एकटे राहणारे वृद्ध आहेत, काही निर्वासित कुटुंबे आहेत, तीन-चार माजी सैनिक आहेत, आणि सैन्यात असलेला मुलगा गमावलेले एक दांपत्यही आहे. या जेवणात कधीही कोणाला पत्रक दिले गेले नव्हते. तो नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो होता म्हणूनच माणसे येत होती.

प्रश्न

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी ब्रिटनभर युद्धस्मारकांपाशी स्मृतिदिन पाळला जातो. अकरा वाजता दोन मिनिटे स्तब्धता, मग संस्थांची पुष्पचक्रे. छातीवर लाल पॉपी, म्हणजे खसखशीच्या जातीचे कागदी फूल. पांढरी पॉपी 1933 साली को-ऑपरेटिव्ह विमेन्स गिल्डच्या बायकांनी सुरू केली आणि पुढे पीस प्लेज युनियनने ती चालवली. सर्व बाजूंचे, सैनिक आणि नागरिक असे सारे मृत, शांततेशी बांधिलकी, आणि युद्धाचे उदात्तीकरण नको, असे तिचे म्हणणे आहे. अनेकांना ती जवळची वाटते आणि अनेकांना ती जखमेवर मीठ वाटते. दोन्ही भावना खऱ्या आहेत आणि गाव लहान असले की दोन्ही एकाच रस्त्यावर समोरासमोर येतात.

14 सप्टेंबरच्या कामकाजाच्या सभेत एका सभासदाने मांडले की यंदा मीटिंगने नगरपरिषदेच्या अधिकृत सोहळ्यात पांढरे पुष्पचक्र वाहावे. त्याला आपण प्रस्तावक म्हणू. गाझा आणि युक्रेनच्या बातम्या रोज कानावर पडत असताना मीटिंगने गावात तोंड बंद ठेवणे त्याला असह्य झाले होते. त्याचे बोलणे सच्चे होते आणि सभेला ते भिडलेही.

अडचण दुसऱ्याच ठिकाणी होती. सभेआधी दहा दिवस त्याने नगरपरिषदेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला ईमेल पाठवला होता आणि त्यात ‘आम्ही स्थानिक क्वेकर’ असे लिहिले होते. उत्तरही आले होते. पुष्पचक्र वाहणाऱ्या संस्थांची यादी 3 ऑक्टोबरला बंद होईल, एका संस्थेला एकच पुष्पचक्र, क्रम ठरलेला असेल, आणि पांढऱ्या पुष्पचक्राबाबत माजी सैनिकांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेशी आधी बोलून घ्यावे. म्हणजे ज्या गोष्टीवर मीटिंगने अजून विचारही केला नव्हता, ती परिषदेच्या लेखी ठरल्यात जमा होती. पुढची नेहमीची कामकाजाची सभा 12 ऑक्टोबरला, यादी बंद झाल्यावर नऊ दिवसांनी, येत होती.

जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्या सभासदाने त्याच सभेत विचारले की शनिवारी आपल्याकडे सूप प्यायला येणाऱ्या माजी सैनिकाने रविवारी आपल्याला त्याच्या मित्रांच्या नावांसमोर पांढरे चक्र ठेवताना पाहिले, तर आदल्या दिवशीच्या सुपाकडे तो कसे पाहील?

घाई करायची की नाही

क्लार्कपुढे पहिला खरा निर्णय हा होता. 3 ऑक्टोबरच्या आत खास सभा बोलावता आली असती, नियमात ते बसते. प्रस्तावकाची आणि आणखी दोघांची तशी मागणी होती. क्लार्कने एल्डरांशी, म्हणजे उपासनेची काळजी वाहणाऱ्या सभासदांशी, बोलून ठरवले की निर्णयाची सभा ठरलेल्या दिवशीच होईल. त्याआधी 24 सप्टेंबरला, बुधवारी संध्याकाळी, मळणीची सभा घ्यायची. अशा सभेत काहीही ठरवत नाहीत, फक्त ऐकून घेतात. त्याच आठवड्यात क्लार्कने परिषदेला दोन ओळींचे पत्र पाठवले: आधीचा ईमेल एका सभासदाचा वैयक्तिक होता, मीटिंगने अजून काही ठरवलेले नाही, यादी वेळेवर बंद करावी.

या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच होता असे आमचे मत आहे. मुदत हातची गेल्यामुळे ‘अधिकृत सोहळ्यात भाग’ हा पर्याय यंदापुरता आपोआप मिटला आणि उरलेल्या पर्यायांकडे लोकांना शांतपणे पाहता आले. बाहेरच्या कार्यालयाची तारीख पाळण्यासाठी सभेचा वेग वाढवला की पहिला बळी जातो तो हळू बोलणाऱ्या माणसाचा. इथे तसे हळू बोलणारे बरेच होते.

प्रस्तावकाला मात्र आपल्याला टोलवले जात आहे असे वाटले. त्याच्याशी स्वतंत्रपणे बसून कोणी बोलायला हवे होते, ते झाले नाही. त्याचा परिणाम पुढे दिसला.

मळणीची सभा

सतरा जण आले. खुर्च्या गोलाकार, मध्ये टेबल नाही. सुरुवातीला दहा मिनिटे मौन. एकाचे बोलून झाले की निदान मिनिटभर शांतता, आणि ज्यांना बोलायचे आहे ते सर्व बोलेपर्यंत कोणी दुसऱ्यांदा बोलायचे नाही. दोन जणांनी फक्त प्रश्न टिपले, कोणी विचारले ते टिपले नाही. दीड तासाने सभा थांबवली.

टिपलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी एकत्र वाचले तेव्हा कळले की ‘पुष्पचक्र’ या एका वस्तूखाली तीन वेगवेगळे हेतू दडले होते. काहींना सर्व मृतांचे स्मरण करायचे होते. काहींना सैनिकीकरणाला जाहीर विरोध करायचा होता. आणि काहींना त्या दिवशी दुःखात असलेल्या शेजाऱ्यांना दार उघडे ठेवायचे होते. तीन हेतूंना तीन वेगळ्या कृती लागतात. एका कृतीत तिन्ही कोंबले की विरोध करू पाहणाऱ्याला ते मिळमिळीत वाटते आणि दुःखी माणसाला ते टोचते.

‘सर्व मृत’ म्हणजे नक्की कोण, हाही प्रश्न आला. मीटिंगला नियमित येणाऱ्या एका मराठी कुटुंबाने पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांचा उल्लेख केला. दहा लाखांहून अधिक भारतीय परदेशातल्या आघाड्यांवर गेले. आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात डिसेंबर 1915 पासून अडकून एप्रिल 1916 मध्ये शरण गेलेली सहावी डिव्हिजन पुण्याच्या नावाची होती आणि मेसोपोटेमियातल्या त्या मोहिमेत मराठा पलटणीही होत्या. गावच्या स्मारकावर अर्थातच यांच्यापैकी कोणाचे नाव नाही.

आणखी एका सभासदाने आठवण करून दिली की क्वेकरांचा स्वतःचा इतिहासही एकरंगी नाही. पहिल्या महायुद्धात सेनेत जाण्याच्या वयाच्या क्वेकर तरुणांपैकी जवळजवळ एक तृतीयांश सैन्यात गेले होते. तुरुंगात गेलेल्यांची आठवण मीटिंगने जपली, लढायला गेलेल्यांची नाही. या बोलण्यानंतरचे मौन बरेच लांबले.

तोललेले पर्याय

12 ऑक्टोबरपूर्वी दोन एल्डर माजी सैनिकांच्या शाखेच्या सचिवाला जाऊन भेटले. परवानगी मागायला नाही, सांगायला आणि ऐकायला, हे त्यांनी आधीच ठरवून घेतले होते. हा फरक महत्त्वाचा आहे. परवानगी मागितली असती तर नकाराचा अधिकार दिल्यासारखे झाले असते, आणि न सांगता गेले असते तर तो अवमान ठरला असता. सचिवाने स्पष्ट सांगितले की छातीवर कोणी कुठले फूल लावावे याच्याशी त्याला देणेघेणे नाही. पण पावणेअकरा ते सव्वाअकरा या वेळेत आणि फलक घेऊन काही झाले तर ज्यांची माणसे गेली आहेत ती घरे दुखावतील. दुपारी लोक पांगल्यावर काही वाहिले तर त्याची हरकत नव्हती.

सभेपुढे मग हे पर्याय आले. दुपारी वेगळे पुष्पचक्र. स्मृतिदिनाला काहीच न करता 15 मे रोजी, म्हणजे सदसद्विवेकाने लढायला नकार देणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय दिवशी, जाहीर कार्यक्रम. मीटिंग म्हणून काहीच नाही, ज्याला हवे त्याने पांढरे फूल लावावे. मीटिंग हाउस उघडे ठेवून सूप आणि प्रदर्शन. लाल-पांढऱ्या फुलांचे मिश्र पुष्पचक्र अशीही एक सूचना होती. ती सोयीची वाटली आणि तितक्याच लवकर मागे पडली. दुसऱ्या संस्थेचे, म्हणजे माजी सैनिकांच्या संघटनेचे लाल फूल, न विचारता आपल्या चक्रात गुंफणे सत्याला धरून नाही, असे एका वृद्ध सभासदाने म्हटले आणि कोणी त्यावर वाद घातला नाही.

15 मेचा पर्याय सर्वांत निर्धोक होता. तो नाकारण्याचे कारण असे की गाव स्मरण करते नोव्हेंबरमध्ये. जिथे कोणी पाहत नाही तिथे दिलेली साक्ष पुरेशी आहे का, हा प्रश्न प्रस्तावकाने विचारला आणि तो सभेला पटला.

ठरलेली नोंद

मसुदा तीनदा वाचला गेला. मीटिंग आपल्या नावाने पांढरे पुष्पचक्र वाहील, दुपारी अडीच वाजता. अर्धा तास मौन, फलक नाही, पत्रके नाहीत. चक्रावर एकच कार्ड, त्यावर ‘सर्व युद्धांतील सर्व मृतांसाठी’ आणि मीटिंगचे नाव. सकाळच्या सोहळ्याला ज्याला जायचे तो स्वतःच्या नावाने जाईल, लाल, पांढरे किंवा दोन्ही फुले लावून, किंवा कोणतेच न लावता. मीटिंग हाउस साडेअकरा ते दोन उघडे राहील आणि तिथे सूप असेल. प्रदर्शन बाजूच्या खोलीत, दारावर पाटी लावून, म्हणजे ज्याला पाहायचे तोच आत जाईल. वार्ताहरांशी फक्त क्लार्क बोलेल.

रविवारची मौन उपासना नेहमी साडेदहाला असते आणि ती नेमकी सोहळ्यावर येत होती. ती सव्वानऊला घेतली. एका सभासदाला पुष्पचक्रच मान्य नव्हते. त्याने मी आड येत नाही पण सामीलही नाही असे सांगितले. त्याचे नाव नोंदीत घातले नाही.

तयारीचा तपशील

स्मारकाची जागा परिषदेची असल्याने चक्र ठेवण्याबद्दल लेखी संमती घेतली. एका जागी उभे राहण्यासाठी पोलिसांना आगाऊ कळवावे लागत नाही. पण मीटिंग हाउसपासून स्मारकापर्यंत रांगेने चालत गेले तर ती मिरवणूक ठरते, आणि एखाद्या घटनेच्या स्मरणार्थ काढलेल्या मिरवणुकीला 1986 च्या पब्लिक ऑर्डर अ‍ॅक्टच्या कलम 11 प्रमाणे पूर्ण सहा दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. म्हणून दोघादोघांनी वेगवेगळे जायचे ठरले. स्थानिक पोलिसांना तरीही एक साधा ईमेल पाठवायचा होता. त्यावर चर्चा झाली, कारण त्याच वर्षी 27 मार्चला लंडनच्या वेस्टमिन्स्टर मीटिंग हाउसचे दार तोडून पोलिसांनी तिथे जमलेल्या सहा तरुणींना अटक केली होती आणि ती गोष्ट सर्वांच्या मनात ताजी होती. शेवटी ईमेल गेला, फक्त वेळ आणि अंदाजे संख्या सांगणारा. उपस्थितांची नावे दिली नाहीत.

मीटिंगला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नाही. नोंदणीकृत धर्मादाय संस्था म्हणजे तिच्यावरची एरिया मीटिंग, आणि मालमत्ता तिच्या विश्वस्तांकडे. म्हणून नोंदीची प्रत त्यांना पाठवली आणि सार्वजनिक दायित्वाचा विमा आवाराबाहेरच्या कार्यक्रमालाही लागू आहे का, हे विचारून घेतले. पुष्कळ मीटिंगा हे विचारत नाहीत आणि विमा आवारापुरताच निघतो.

पुष्पचक्र घरीच केले. तीस सेंटिमीटरचे तारेचे कडे, त्यावर लॉरेलची पाने, आणि पांढरी फुले कापडाची. कागदी फुलांचा नोव्हेंबरच्या पावसात तासाभरात लगदा होतो.

सूप साठ जणांसाठी धरले, माणशी 300 मिलिलिटर म्हणजे 18 लिटर. लाल मसूर तीन किलो, गाजर तीन किलो, कांदा दोन किलो, दहा लिटरची दोन पातेली. वाढेपर्यंत सूप 63 अंश सेल्सियसच्या वर ठेवावे लागते, म्हणून टोचून पाहायचा तापमापक हाताशी हवा. ब्रिटनमध्ये 14 अ‍ॅलर्जीकारक पदार्थांची माहिती खाणाऱ्याला द्यावी लागते. सेलरी त्यातलीच एक, आणि भाजीच्या स्टॉकच्या तयार वड्यांत ती बहुधा असतेच. आधीच्या महिन्यांत हे कोणी पाहिले नव्हते. यावेळी सेलरी नसलेला स्टॉक आणला आणि ब्रेडसाठी वेगळे टेबल मांडले.

प्रदर्शनाला सर्वांत जास्त वेळ गेला. 1916 च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यात सदसद्विवेकाने नकार देणाऱ्यांना भरतीतून सूट मिळावी अशी मागणी करता येत असे आणि ती स्थानिक लवादांपुढे चाले. त्या लवादांचे बहुतेक कागद सरकारने युद्धानंतर नष्ट करवले, त्यामुळे गावचे दस्तऐवज अभिलेखागारात सापडत नाहीत. सापडतात ते जुन्या स्थानिक वर्तमानपत्रांतले वृत्तान्त, कारण वार्ताहर सुनावणीला बसत. ग्रंथालयातल्या मायक्रोफिल्मवरून दोघांनी ते शोधले. मीटिंगच्या जुन्या यादीतली नावे त्यांच्याशी ताडून एकच फलक केला. नकार देणारे, अँब्युलन्स युनिटमध्ये गेलेले, सैन्यात गेलेले आणि त्यातला एक मेलेला, सगळे एकाच आकाराच्या अक्षरांत आणि वर्णानुक्रमे. शेजारी भारतीय सैनिकांवरचा छोटा फलक मराठी कुटुंबाने इंग्रजी आणि मराठीत लिहिला.

जिथे बिघडले

जाहिरातीचे काम एका उत्साही सभासदाकडे होते. त्याने एकाच ए-फोर कागदावर सगळे बसवले: वर ‘स्मृतिदिन, क्वेकर शांतता जागर’, खाली सूप, प्रदर्शन, अडीच वाजताचे मौन. ते चार दुकानांत आणि ग्रंथालयात 25 ऑक्टोबरला लागले. क्लार्कने ते नंतर पाहिले. नोंदीने जे काळजीपूर्वक वेगळे केले होते ते पोस्टरने पुन्हा एकत्र केले. सूप हे साक्षीचे आमिष दिसू लागले. पोस्टरवर अडीचची वेळ बारीक अक्षरांत होती, त्यामुळे जागर सकाळच्या सोहळ्यातच आहे असा समज झाला. गावाच्या फेसबुक गटावर फोटो पडला, खाली ‘स्मृतिदिनाला क्वेकरांची निदर्शने’ अशी ओळ, आणि दोन दिवस कडवट शेरे.

उत्तर द्यायचे का? काहींचे म्हणणे मौन पाळावे. क्लार्कने पाच वाक्यांचे निवेदन एकदाच टाकले: वेळ, जागा, फलक नाहीत, सकाळच्या सोहळ्यात मीटिंग काही करणार नाही, सुपाला सर्वांचे स्वागत. त्याखाली कोणाशीही वाद घातला नाही. माजी सैनिकांच्या सचिवाने आपणहून लिहिले की वेळेबद्दल त्याच्याशी आधीच बोलणे झाले आहे. त्या एका ओळीने जे शांत झाले ते मीटिंगच्या निवेदनाने झाले नसते, आणि ती ओळ आली ती एल्डर आधी जाऊन भेटले होते म्हणून. पोस्टर काढून दोन वेगळी लावली.

पण 1 नोव्हेंबरच्या शनिवारच्या जेवणाला नेहमीच्या चाळिसाऐवजी सव्वीसच जण आले. ज्यांचा मुलगा गेला होता ते दोघे आले नाहीत.

9 नोव्हेंबर

साठ जणांच्या सुपाला अडतीस जण आले. उरलेले सात लिटर त्याच संध्याकाळी बेघरांच्या निवाऱ्याला पोचवले. प्रदर्शनात लोक अपेक्षेपेक्षा फार रेंगाळले. नावांच्या फलकापाशी तर दोन माजी सैनिक बराच वेळ उभे होते. सैन्यात गेलेल्या क्वेकरांची नावे क्वेकरांनीच लावलेली पाहून एकाने विचारले की ही इतकी वर्षे कुठे होती.

अडीच वाजता पाऊस होता. मीटिंगचे चौदा जण आणि बाहेरचे सहा स्मारकापाशी उभे राहिले. दोघांना मुद्दाम मौनाबाहेर, कडेला ठेवले होते. वाटेने जाणाऱ्याने काही विचारले तर उत्तर देणे आणि कोणी चिडला तर त्याच्याशी सौम्यपणे बोलणे हे त्यांचे काम. एक जण ओरडला, त्याच्याशी ते दोघे बोलले, वर्तुळातल्या कोणाला वळावे लागले नाही. अर्धा तास मात्र फार झाला. ओल्या दगडावर उभे राहून एका वृद्धेला चक्कर आली आणि बसायला काहीच नव्हते. वीस मिनिटांनी एल्डरांनी हस्तांदोलन करून मौन संपवले. क्वेकर उपासना अशीच संपवतात.

मंगळवारी सकाळी चक्र जागेवर नव्हते. परिषदेने हलवले नव्हते. पोलिसांत तक्रार करायची का, नवे करायचे का, यावर फोनाफोनी झाली. क्लार्कने दोन्ही केले नाही. चक्र वाहून झाले होते आणि ते किती दिवस राहावे हे नोंदीत नव्हते, एवढेच त्याने सांगितले. काहींना हे पटले नाही.

निष्पत्ती

डिसेंबरच्या कामकाजाच्या सभेत आढावा झाला. त्या महिन्याच्या जेवणाला तेहतीस लोक आले होते. जेवणाची व्यवस्था पाहणारी सभासद त्या दांपत्याच्या घरी गेली होती. पांढऱ्या फुलाचा त्यांना राग नव्हता, पोस्टर दुकानात पाहिले आणि आपल्याला कोणी तोंडाने सांगितले नाही याचे वाईट वाटले, असे ते म्हणाले. डिसेंबरमध्ये ते आले. प्रस्तावक अजून दुखावलेलाच आहे. शेजारच्या शहरात दर शुक्रवारी होणाऱ्या शांतता जागराला तो आता जातो, स्वतःच्या नावाने, आणि मीटिंगने त्याच्या त्या कामाला पाठिंबा नोंदवला आहे. प्रदर्शन गावच्या ग्रंथालयाने महिनाभरासाठी मागून घेतले.

वेगळे काय करता आले असते

पहिली चूक ईमेलची. संस्थेच्या नावाने बाहेर पत्र फक्त क्लार्क पाठवेल हा नियम प्रत्येक मीटिंगमध्ये गृहीत असतो, पण नव्या सभासदाला तो कोणी सांगत नाही. तो लिहून सूचनाफलकावर लावावा. आणि असा ईमेल गेलाच असेल तर दुरुस्तीच्या पत्राबरोबर त्या माणसाशी त्याच आठवड्यात दोघांनी बसावे. त्याची हाक आणि त्याची घाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे घाई थांबवली गेली आणि हाकही थांबवली असे त्याला वाटत राहिले.

जेवणाला येणाऱ्यांना 4 ऑक्टोबरला सांगायला हवे होते. तेव्हा निर्णय झाला नव्हता हे खरे, पण ‘आम्ही असा विचार करत आहोत, तुम्हाला काय वाटते’ असे विचारता आले असते. उलट निर्णयाआधी विचारणे हेच अधिक प्रामाणिक झाले असते. आमच्या मते मळणीच्या सभेला त्यांच्यातल्या दोघातिघांना बोलवायला हवे होते. अशी सभा काही ठरवत नाही, तेव्हा सभासद नसलेल्यांनी तिथे बोलण्यात अडचण नाही.

सूप आणि पुष्पचक्र एकाच दिवशी असावे का, यावर मीटिंगमध्ये अजून दोन मते आहेत. वेगळे ठेवावे म्हणणारे पोस्टरकडे बोट दाखवतात. एकत्र ठेवावे म्हणणारे नावांच्या फलकापाशी थांबलेल्या माजी सैनिकांकडे बोट दाखवतात, ते सुपासाठीच आत आले होते. आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण जाहिराती दोन, आणि छापण्याआधी मजकूर नोंदीशी ताडून पाहणारी एक व्यक्ती नेमलेली, या अटीवर.

उरलेल्या दुरुस्त्या लहान आहेत. मौन पंधरा मिनिटे. घडीच्या सहा खुर्च्या आणि एक छत्री धरणारा. चक्र कोण, कधी उचलून आणेल हे नोंदीतच लिहायचे. 2026 चा स्मृतिदिन 8 नोव्हेंबरला येतो. मळणीची सभा जूनमध्ये ठेवली आहे. अधिकृत सोहळ्याच्या यादीत नाव घालायचे का हा प्रश्न तिथे पुन्हा येईल, आणि यावेळी माजी सैनिकांच्या सचिवालाही ऐकायला बोलावले आहे.